‘परम’च्या आधीचा ‘टिफ्रॅक’
भारतीय बनावटीच्या संगणकांची सुरुवात १९९१ च्या ‘परम ८०००’ या महासंगणकापासून झाली, असे म्हटले जाते. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचे ते काम मोठेच. पण त्याआधी तीन दशके, १९६० मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित केला होता, त्याचा उल्लेख राहून जाऊ नये असे मनापासून वाटते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या (व्हॅक्यूम ट्यूब) होत्या. स्मृती मात्र तारांच्या जाळीत ओवलेल्या फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या इवल्याशा कड्यांची होती, आणि प्रत्येक कडीतील चुंबकत्वाची दिशा शून्य की एक हे सांगत असे. वाचताच ती नोंद पुसली जाई, म्हणून लगेच पुन्हा लिहावी लागे. या स्मृतीची क्षमता २,०४८ ‘शब्दां’ची, एकेक ‘शब्द’ ४० बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एकची एक नोंद), म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम १० केबी.