शेल्टरचा प्राणी ‘आधी सांभाळून बघू’ म्हणून आणावा का?

रोखठोक:
माझं मत आधीच सांगतो, मग हाणा. शेल्टरमधून कुत्रं किंवा मांजर आणताना पहिल्याच दिवशी कायमच्या कागदांवर सही घेऊ नये. काही आठवडे फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, घरी ठेवू द्यावं. जमलं तर दत्तक, नाहीतर परत. आणि परत करणाऱ्याला खलनायक ठरवू नये.

कारण पिंजऱ्यासमोर उभं राहून प्राण्याचा स्वभाव कळत नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्या कुत्र्याला लोक ‘किती गुणी आहे’ म्हणतात. बहुतेकदा ते भीतीने थिजलेलं असतं. शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या कुत्र्यांमध्ये पहिल्या तीन दिवसांत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बरंच वाढलेलं असतं, हे १९९७ च्या अभ्यासात मोजलेलं आहे.

स्वभावचाचण्यांचंही तेच. काठीला प्लास्टिकचा हात लावतात, कुत्रं खात असताना तो भांड्यात खुपसतात आणि ते चावलं की ‘आक्रमक’ असा शेरा. २०१६ मध्ये पॅट्रोनेक आणि ब्रॅडली यांनी अशा चाचण्यांचा हिशोब मांडला, तेव्हा नाणं उडवण्यापेक्षा फार बरं काही हाती लागत नाही असा निष्कर्ष निघाला. मग घरी नेऊन बघण्याशिवाय दुसरा मार्ग कुठला?

पडवी:
तीव्र असहमत. रोगाचं निदान बरोबर आहे, औषध चुकलंय.

परतीचा दरवाजा उघडा ठेवला की माणूस पहिल्या कुरबुरीला त्यातून बाहेर पडतो. आणि कुरबुर होणारच. शेल्टरवाले ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा ठोकताळा सांगतात: बुजणं ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. घड्याळ लावून होत नाही, पण क्रम साधारण तोच. यातली मेख अशी, की पहिल्या आठवड्यात पलंगाखालून न हलणारं कुत्रं जरा धीट झालं की मग भुंकायला, चपला फाडायला, सोफ्यावरून उठवलं तर गुरगुरायला लागतं. म्हणजे प्राणी सावरत असतो तेव्हाच तो बिघडल्यासारखा दिसतो, आणि तुमची दोन-तीन आठवड्यांची मुदत नेमकी तिथे संपते!

पिंजरा_नंबर_सात:
शेल्टरमध्ये काम करते, म्हणून लिहिते. फोस्टर घरून जी माहिती येते ती आम्हाला इथे बसून कधीच मिळत नाही. एकटं सोडलं तर रडतं का, जिना चढायला घाबरतं का, मिक्सर लावला की कुठे पळतं. या माहितीवर पुढचं घर नेमकं शोधता येतं, हेही फोस्टरचं फळच आहे.

राहिला परत येण्याचा धक्का. २०१९ च्या एका अभ्यासात कुत्र्यांना एक-दोन रात्री घरी पाठवलं होतं. घरी असताना कॉर्टिसॉल उतरलं, परत आल्यावर आधीच्या पातळीला गेलं. त्याच्या वर नाही.

पडवी:
एक-दोन रात्री हो! चार-पाच आठवडे एकाच माणसाच्या पायाशी झोपलेल्या कुत्र्याला तोच हिशोब कसा लावता? ती सुट्टी झाली, हा संसार झाला.

पिंजरा_नंबर_सात:
तो मुद्दा मान्य. त्या अभ्यासातून तेवढं सिद्ध होत नाही.

निवांत_बोका:
सगळे कुत्र्यांवरच घसरलात, थोडं मांजरांकडे बघा. मांजर घरी आल्यावर कपाटामागे गेलं की लोक त्याला ओढून बाहेर काढतात, ‘सवय व्हायला हवी’ म्हणून. अजिबात करू नका. एक छोटी खोली द्या, लिटर बॉक्स (शी-शूची पेटी) एका टोकाला, पाणी-खाणं दुसऱ्या टोकाला, आणि लपायला आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये २०१४ च्या सुमारास हे तपासलं होतं: खोकं मिळालेली मांजरं न मिळालेल्यांपेक्षा लवकर सावरली. रात्री वाटी रिकामी होतेय ना, एवढंच बघा. दिवसभरात तोंडच लावलं नाही तर मात्र व्हेटला फोन करा, उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

मूळ प्रश्नावर: मांजरांसाठी ‘सांभाळून बघू’ला माझा विरोध. कपाटामागून बाहेर येईपर्यंत तुमची मुदत संपलेली असेल, बघणार काय?

सुईदोरा:
व्हेटच्या हाताखाली काम करतो. परत करण्याचं एक कारण कुणी काढलंच नाही: ‘आजारी प्राणी गळ्यात मारला.’ केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लक्षणं संसर्गानंतर दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसू शकतात. शेल्टरमध्ये ठणठणीत दिसलेलं कुत्रं घरी येऊन खोकायला लागतं, त्यात लबाडी असेलच असं नाही. मांजरांमध्ये हर्पीसचा विषाणू बहुधा जन्मभर अंगात राहतो आणि ताण आला की डोळे-नाक पुन्हा वाहायला लागतात. घर बदलणं हाच मोठा ताण. जुलाब, जंत, गोचिड्या तर धरूनच चाला. घरात आधीचा प्राणी असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. लसीचं आणि नसबंदीचं कार्ड हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

आणि जातीच्या पाटीवर विसंबू नका. नुसतं बघून लिहिलेली जात डीएनए तपासणीत वारंवार चुकीची निघते.

रोखठोक:
पडवी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचा मुद्दा बिनतोड आहे. मग मुदत तीन महिने करा, आणि त्या काळात शेल्टरने प्रशिक्षकाशी गाठ घालून द्यावी. पण परतीची सोय काढू नका. ती नसली तर न जमलेला प्राणी शेल्टरला परत जात नाही, गावाबाहेर सोडला जातो.

पडवी:
सोय असू द्या की, नको कोण म्हणतंय? बहुतेक चांगली शेल्टर्स करारातच लिहून घेतात, की प्राणी ठेवणं जमलं नाही तर आमच्याकडेच आणून द्या. माझं भांडण ‘आधी बघू’ या मनाशी आहे. तीन महिने ठेवणार असाल तर सही पहिल्याच दिवशी करा.

पिंजरा_नंबर_सात:
तुमचं चालू द्या. वाचणाऱ्यांपैकी कुणी या आठवड्यात शेल्टरला जाणार असेल तर एक नक्की विचारा: हा प्राणी याआधी कुणी परत केलाय का, आणि का? आमच्याकडे ती नोंद असते. मागणारे फार थोडे.