'सायकेडेलिक'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकन रॉक बँड डोअर्सच्या पहिल्या अल्बमवर (१९६७) लेख लिहितेय. मसुद्यात 'भ्रमजनक रॉक' असं लिहून बसले, पण वाचताना औषधाच्या बाटलीवरची सूचना वाटते. दुसरा शब्द सुचवा. शिवाय त्यातल्या 'लाइट माय फायर' या गाण्यातल्या लांबलचक सोलोला काय म्हणू? 'एकल वादन' फारच आकाशवाणी वाटतं.

— 'भ्रमजनक' नकोच, अर्थच उलटा होतो. ग्रीकमध्ये 'सायकी' म्हणजे मन आणि 'डेलोस' म्हणजे प्रकट. मन उघडं करणारं ते सायकेडेलिक. भ्रमाचा त्यात मागमूस नाही. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली लेखक ऑल्डस हक्सलींना लिहिलेल्या पत्रात हा शब्द घडवला. आणि गंमत बघा, डोअर्सनी आपलं नाव घेतलं तेही हक्सलींच्याच पुस्तकावरून! 'मनःप्रकाशक' जुळवता येईल, पण ते हरिपाठाच्या पुस्तिकेचं नाव वाटेल. सायकेडेलिकच ठेवा.

सोलोला मात्र 'विस्तार' म्हणा. अल्बममधलं गाणं सातेक मिनिटांचं. सुरुवातीचा ऑर्गनचा तुकडा म्हणजे मुखडा. मग आधी मॅन्झारेकचा ऑर्गन, नंतर क्रीगरची गिटार मोकळी सुटते आणि शेवटी तोच मुखडा परत येतो. रेडिओसाठी सिंगल काढताना तीन मिनिटांच्या आत बसवायला नेमका हा विस्तारच कापला. तेच सिंगल त्या जुलैत अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं.

— 'विस्तार'ला माझी हरकत आहे. रागात वादी-संवादी, वर्ज्य स्वर असतात. इथे खाली ए मायनर, बी मायनर एवढ्या दोनच कॉर्ड आलटून-पालटून चालतात. ही युक्ती जॅझ सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेनच्या 'माय फेव्हरिट थिंग्ज'कडून आलेली आहे. सरळ 'जॅझ सोलो' लिहा की, उगाच आपलेपणा कशाला चिकटवायचा?

— अगदीच उगाच नाही हो. क्रीगर आणि ड्रमर डेन्स्मोर दोघंही लॉस एंजेलिसला रविशंकरांच्या 'किन्नर' संगीतशाळेत जात होते. पण भारतीय संगीताची ती ओढ ऐकू येते याच अल्बममधल्या 'द एन्ड'मध्ये. तिथे गिटारची एक तार तंबोऱ्यासारखी धरून ठेवलेली आहे. तिथे 'आलाप' म्हटलंत तर मी भांडणार नाही. 'लाइट माय फायर'बाबत तुमचं मान्य, पण 'विस्तार' हा शब्द रागाने विकत घेतलेला नाही. कीर्तनकारही निरूपणाचा विस्तार करतात.

— बरं, 'सायकेडेलिक' तसंच ठेवते आणि 'विस्तार' घेते. 'ग्रूव्ह'चं काय?

— 'ठेका'. 'ब्रेक ऑन थ्रू' सुरू होतं तो ब्राझीलचा बोसा नोव्हाचा ठेका आहे, आणि डेन्स्मोरने तो रॉकच्या जोरात वाजवलाय. मैफलीत त्यांच्याकडे बेसवाला नसायचा. मॅन्झारेक उजव्या हाताने ऑर्गन आणि डाव्या हाताने छोट्या कीबोर्डवर बेस वाजवायचा. त्या डाव्या हाताला डग्गा म्हणायचा मोह होतो, पण लेखात नका लिहू.

— लिहिणार!