मदत हवी आहे: अरबी 'अ-ल-क' धातूचा नेमका अर्थ कोणता?

रानजाई: अरबी 'अ-ल-क' धातूचा अर्थ हवाय, आज रात्रीच. कोशात चिकटणे, लटकणे, जळू, संबंध, टिप्पणी असं काहीही दिलंय. यातला खरा कोणता? अनुवाद उद्या द्यायचा आहे.

मुशाफिर: शेवटचा 'क' कोणता? ऐन-लाम-क़ाफ ही अक्षरं असतील तर चिकटणे. साधा काफ असेल तर चावणे, 'इल्क' म्हणजे च्युइंग गम. आणि शब्द आलाय कुठे? पूर्ण वाक्य द्या.

रानजाई: क़ाफच. चिकटणे लिहिलंय ना वर!

जुने_दप्तर: अहो, आपला 'तालुका' याच धातूचा! तअल्लुक म्हणजे संबंध, त्यावरून अखत्यारीतला मुलूख. अवधचे तालुकदार तेच. 'मुंबई इलाखा'मधला इलाखाही इथलाच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा.

मुशाफिर: काका, मोल्सवर्थ मराठीसाठी सोनं आहे, आजच्या अरबी वाक्याला नाही. हान्स वेरचा अरबी कोश घ्या. त्यात शब्द धातूखाली लावलेत, याच धातूचा 'मुअल्लक' (टांगलेला) मीम म्हणजे 'म'खाली शोधला तर सापडणार नाही.

जुने_दप्तर: अर्थ कसा सरकत गेला हे न बघता नुसता कोश चाळून अनुवाद होत नाही. चिकटलेलं ते संबंधित, संबंधित ते ताब्यातलं. ही वाट दिसली की बाकीचे अर्थ आपोआप लागतात.

सायली_क: कुराणाची ९६वी सूरा (अध्याय) 'अल-अलक'. दुसऱ्या आयतीत माणूस 'अलक'पासून घडवला असं आहे. जुने भाष्यकार रक्ताची गुठळी म्हणतात, आजचे काही अनुवादक 'चिकटून राहणारं' असं करतात. जळूलाही हाच शब्द. इस्लामपूर्व काळातल्या सात दीर्घ कविता 'मुअल्लकात', म्हणजे टांगलेल्या. त्या काबेवर टांगल्या होत्या ही कथा मात्र बऱ्याच अभ्यासकांना मान्य नाही. त्यातली लबीद या कवीची नक्की वाचा, फार सुंदर आहे.

बोरू: उर्दू ज्या शैलीत लिहितात त्या 'नस्तालीक'च्या नावातही हाच धातू, नस्ख अधिक तालीक या दोन लेखनशैली. फोनवर नीट दिसत नसेल तर 'नोटो नस्तालीक उर्दू' फॉन्ट टाका.

रानजाई: फॉन्ट कोणी विचारला?

मुशाफिर: ताई, वाक्य.

रानजाई: 'तअलीक अर-रिह्लात'. विमानतळाची बातमी आहे. टिप्पणी हा अर्थ बसतच नाही.

मुशाफिर: हे पहिल्याच ओळीत हवं होतं. उड्डाणे स्थगित! टिप्पणी असती तर 'तअलीक'नंतर 'अला' आलं असतं, म्हणजे अमुक गोष्टीवर. इथे पुढचं नाम थेट षष्ठीत जोडलंय. क्रियापदाचा दुसरा बाब (साचा), अल्लक: टांगणे, त्यावरून काम लटकवून ठेवणे.

सायली_क: 'रद्द' लिहू नका हं. त्याला 'इल्गा' आहे.

रानजाई: बरं, स्थगित. पुढच्या ओळीत 'मुतअल्लिक बि' आहे, तेही पटकन सांगा.

जुने_दप्तर: अमुकशी संबंधित. आणि आता तरी पूर्ण ओळ टाका.