सामोआच्या आजीबाईंचं औषध: वहीत उतरवायचं की रानात राखायचं?

रानमेवा
पॅसिफिकमधल्या सामोआत झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बायांना तौलासेआ म्हणतात. विद्या बहुधा आईकडून लेकीकडे जाते, पण आता लेकी नोकरीसाठी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात. म्हणून 'सगळं पटापट लिहून काढा' असा धोशा चालू आहे. मला ते पटत नाही. सवाई बेटावरच्या फालेआलुपो गावी एपेनेसा माउइगोआ नावाची तौलासेआ ममाला झाडाची साल काविळीवर द्यायची. या झाडाच्या दोन जाती. औषधाला एकच चालते, तीही ठराविक जाडीच्या खोडाची. पॉल कॉक्स हा अमेरिकी अभ्यासक तिच्याकडे शिकला, म्हणून त्या झाडात प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य सापडलं, एचआयव्हीवर ज्याचा अभ्यास झाला ते. शाळेसाठी पैसे हवेत म्हणून तेच गाव रान तोडायला देणार होतं! कॉक्सने शाळेचे पैसे उभे केले आणि सुमारे ३०,००० एकर वाचलं. रानच गेलं तर वही काय चाटायची? आधी रान राखा आणि शिकणाऱ्या पोरींना पैसे द्या.

जुनी_वही
साफ असहमत. जखमेवर हळद, याचं अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, ते जुन्या लेखी पुराव्यांच्या जोरावर. तोंडी विद्येला तिथे कोण विचारतो?

रानमेवा
पुरावा हवा, मान्य. पण आधी करार, मग वही. प्रोस्ट्रॅटिनबाबत २००४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने सामोआला कमाईत निम्मा वाटा कबूल केला, त्यात एपेनेसाच्या कुटुंबाचाही हिस्सा धरलाय.

डॉ_परभणीकर
वाटा कसला घेऊन बसलात? २०१९ मध्ये सामोआत गोवराने ८३ जण गेले, बहुतेक लहान मुलं. आदल्या वर्षी लस चुकीच्या द्रवात कालवली गेल्याने दोन बाळं दगावली आणि लोकांचा लसीवरचा विश्वासच उडाला. काहींनी तापलेलं मूल आधी वैदूकडे नेलं. तपासल्याशिवाय काहीही 'वारसा' म्हणून पुढच्या पिढीच्या गळ्यात मारू नका.

रानमेवा
डॉक्टर, गोवराबद्दल एक शब्दही उलट बोलणार नाही. लसच हवी. पण तपासणी तिथेच चालू आहे. सामोआच्याच शास्त्रज्ञ सेसेई मोलिमाऊ-सामासोनी यांनी मातालाफी या औषधी झुडपाच्या पानांचा रस तपासला. दाह कमी करण्यात तो प्रयोगशाळेत आयब्युप्रोफेनच्या तोडीचा निघाला (२०२१).

डॉ_परभणीकर
प्रयोगशाळेत. माणसांवर तपासा, मग बोलू. पण काम घरच्याच बाईने केलं, हे मला मनापासून आवडलं.

देवगडची_लेक
रानमेवा, माझी आजी काविळीचं औषध द्यायची, लांबून माणसं यायची. 'सांगितलं की गुण जातो' म्हणून कुणाला सांगितलं नाही. झाड अजून मागीलदारी आहे, कुऱ्हाड लागू दिलेली नाही. पण साल घ्यायची की मूळ, आम्हाला कुणालाच ठाऊक नाही.

रानमेवा
आईने तिला कधी काढताना पाहिलं नाही?

देवगडची_लेक
नाही. पहाटे, काळोखात एकटीच जायची. आईला तेवढ्यापुरतं चुलीजवळ बसवून ठेवायची.