विमान आपटत होतं आणि पायलट गप्प! असं का?

रंकाळ्याचा_वारा
मंडळी जाणकारांनी जरा सांगा. फेब्रुवारीत आईला घेऊन दिल्लीहून पुण्याला आलो, पुढं गाडीनं कोल्हापूर. सुटून पाऊण तास झाला असेल, बाहेर लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही आणि अचानक विमान असं आपटायला लागलं की आईचा चहा उडून माझ्या शर्टावर. बेल्टची टिंग वाजली आणि ट्रॉलीवाली पोरगी स्वतःच्या सीटकडं न जाता तिथंच पॅसेजमध्ये फतकल मारून बसली, ट्रॉलीचा ब्रेक दाबून, शेजारच्या काकांच्या सीटचा दांडा घट्ट धरून. ते बघून आईनं अंबाबाईचा धावा सुरू केला. सात-आठ मिनिटं हे चाललं पण पायलट एक शब्द बोलला नाही. आता आई म्हणती, ज्याला तोंड नाही त्याच्या गाडीत मी परत बसणार नाही. जूनमध्ये बहिणीकडं बेंगळुरूला जायचंय. पायलट त्या वेळी नेमकं करतात काय? रडारवर दिसत नाही का हे?

तांबडा_पांढरा
भावा गगनबावड्याच्या एसटीत शेवटच्या सीटवर बसवून आण काकूंना, विमान म्हणजे पाळणा वाटंल 😄

माजी_केबिनक्रू
मी बारा वर्षं ही नोकरी केलीय. ती पोरगी घाबरून बसली नाही हो, आम्हाला तसंच शिकवतात. जोरात हादरलं की जवळची रिकामी सीट पकडायची, नसेल तर खाली बसायचं आणि हाताला लागेल ते धरायचं. चहाची किटली आधी खाली जमिनीवर, कारण गरम पाणी अंगावर सांडलं तर वाईट भाजतं. असल्या वेळी जास्त इजा होते ती उभ्या माणसांना आणि बेल्ट न लावलेल्यांना, म्हणजे बऱ्याचदा आम्हालाच. पायलटच्या बोलण्याची वाट आम्हीपण बघायचो, खोटं कशाला सांगू. पण त्यांचा क्रम ठरलेला असतो, आधी विमान सांभाळा, मग दिशा, बोलणं सगळ्यात शेवटी.

पंख_आणि_पाना
रडारला पाणी दिसतं, म्हणजे पाऊस, ओल्या गारा. वळवाचा ढग लाल-पिवळा उठून दिसतो आणि पायलट त्याला लांबनं वळसा घालतात. तुमच्याकडं कोरडी हवा होती, त्यात रडारला दिसण्यासारखं काही नसतंच. हिवाळ्यात उत्तर भारतावरनं जेट स्ट्रीम वाहतो, खूप उंचावरचा जोराचा वारा. त्याच्या कडेला वेग एकदम बदलतो आणि तिथं हवा घुसळते, बहुतेक त्यातच सापडला असाल.

आत काय चालतं, तर बेल्टचा दिवा लावायचा, स्पीड ठरलेल्या आकड्यावर आणायचा, ऑटोपायलट शक्यतो चालूच ठेवायचा. विमान शे-दोनशे फूट वरखाली झालं तर त्याच्या मागं लागायचं नाही, नाक सरळ ठेवायचं, हातानं झटके दिले तर पंखांवर ताण उलटा वाढतो. मग एटीसीला, म्हणजे जमिनीवरनं विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोलला सांगून दुसरी उंची मागायची, म्हणजे मागनं येणारी विमानंपण सावध होतात. पंखांची काळजी नको, बोईंग 777 चा पंख 1995 च्या चाचणीत, उडताना येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या 154 टक्क्यांवर मोडला.

बेल्टची काळजी मात्र करा. मे 2024 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून येणारं 777 म्यानमारवर जोराच्या हादऱ्यांत सापडलं, प्राथमिक तपासात निघालं की दिवा लागल्यावर आठेक सेकंदांत माणसं सीटवरनं उचलली गेली. विमान खाली आलं फक्त 178 फूट, पण एक प्रवासी गेला आणि कितीतरी जखमी झाले.

रंकाळ्याचा_वारा
178 फुटांचं आईला सांगत नाही, बाकी वाचून दाखवलं. "मग बोलला नाही ते बरंच केलं म्हणायचं" एवढंच म्हणाली. बेंगळुरूला सीट कुठली घेऊ?

माजी_केबिनक्रू
पंखाजवळची घ्या, तिथं कमी जाणवतं, मागं जास्त. कोल्हापूरनं सुटणारी विमानं छोटी आणि जूनमध्ये ढग असणारच, त्यामुळं चढताना-उतरताना थोडं हलणार, ते आधीच सांगून ठेवा. जमलं तर सकाळची फ्लाइट. आणि दिवा विझला तरी काकूंचा बेल्ट सोडू नका.

तांबडा_पांढरा
आणि चहा अर्धाच घ्या