मदत हवी आहे: पॅरिस, ॲम्स्टरडॅम, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम – युरेल पास की सुटी तिकिटं?

निखिल_पुणे:
नमस्कार मंडळी. १० रात्री आहेत, वर लिहिलेली पाचही शहरं करायची आहेत, सगळा प्रवास रेल्वेने. प्रश्न एकच: युरेल पास (युरोपातल्या बहुतेक देशांच्या गाड्यांना चालणारा एकच पास) घेऊ की प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढू? दर रोज वर चाललेत आणि मला उद्यापर्यंत ठरवायचंच आहे. टूर कंपनीबरोबर जा असं कृपया सांगू नका, तो विषय घरात संपलाय. जुने धागे वाचले, पण त्यात सगळे महिनाभर फिरणारे आहेत.

रेल्वेवेडा:
पास घ्या, दुसरा विचारच नको. मी कायम पासवरच फिरतो. हवी ती गाडी पकडायची, चुकली तर पुढची.

सह्यकडा:
एवढ्या घाईने नको. पॅरिस–ॲम्स्टरडॅम युरोस्टार आणि पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणारी टीजीव्ही, या दोन्ही वेगवान गाड्यांत पास असला तरी आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. युरोस्टारमध्ये पासवाल्यांना जागाही मोजक्याच असतात. निखिल, किती जण आहात? वयं काय? कोणता महिना? मुंबईहून उतरताय कुठे आणि परत कुठून?

रेल्वेवेडा:
आरक्षणाचा बाऊ करू नका. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ते लागतच नाही.

सह्यकडा:
जर्मनी आणि ऑस्ट्रिया त्यांच्या यादीत नाहीत. स्वित्झर्लंडपुरतं बरोबर.

तात्या_डोंबिवली:
एवढ्या लांब जाताय तर लंडन का नाही? पॅरिसहून गाडीने सव्वादोन तास. आम्ही ज्येष्ठ नागरिक असून केलं. ब्रिटिश म्युझियम फुकट आहे.

अनघा_ठाणे:
तात्या, ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, शेंगेनवर (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) चालत नाही. त्यांना आणखी एका शहरात ढकलू नका.

निखिल_पुणे:
लंडन नको. मी, बायको, मुलगा (९) आणि आई (६७). मे अखेरीस, त्याची शाळा सुरू व्हायच्या आत. मुंबई–पॅरिस–मुंबई विमानाची तिकिटं झाली आहेत. फ्रान्सच्या व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे. आता सांगा, पास की तिकिटं?

रेल्वेवेडा:
मुलगा ९ वर्षांचा हे आधी सांगायचं ना! ४ ते ११ वयाच्या मुलाचा पास मोठ्यांच्या पासबरोबर फुकट मिळतो. आईंना साठीच्या वरची सवलत. झालं, पासच.

भटकी_मीरा:
स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा लागेल बहुतेक. बघून घ्या.

अनघा_ठाणे:
नाही लागत. युनियनमध्ये नसलं तरी २००८ पासून ते शेंगेनमध्ये आहे. नियम असा की ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. रात्री समान असतील तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. म्हणून निखिल, आधी रात्रींची वाटणी ठरवा. इटलीत फ्रान्सपेक्षा एक रात्रही जास्त झाली तर फ्रान्सकडे केलेला अर्ज चुकीच्या दारात जाईल. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

आणि एक विचारते, ॲम्स्टरडॅम कशासाठी? ट्यूलिपसाठी असेल तर कॉयकेनहॉफ बाग मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते.

निखिल_पुणे:
ट्यूलिपसाठीच होतं, बायकोची फार इच्छा होती. हे कुठेच वाचलं नव्हतं. पण कालवे वगैरे आहेतच ना?

झुरिककर:
निखिल, मी इथे राहतो, दर उन्हाळ्यात पाहुण्यांना फिरवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शहरं मोजू नका, रात्री मोजा. पाच शहरं आणि शेवटी परत पॅरिस, म्हणजे पाच वेळा सामान आवरायचं, खोली सोडायची, स्टेशन गाठायचं. इंटरलाकेन–व्हेनिस गाडीने सहा तासांच्या आसपास, मिलानला गाडी बदलून. व्हेनिस–रोम चार तास. हे फक्त गाडीतले तास. सकाळी नाश्त्यापासून संध्याकाळी खोलीत बॅगा टेकवेपर्यंत दिवस गेलेला असतो.

व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनबाहेर पडलात की समोर कालवा, आणि हॉटेलकडे जाताना पुलामागून पूल. पुलांना पायऱ्या, बॅगेची चाकं तिथे कामाची नाहीत. आईंचे गुडघे कसे आहेत? आणि त्यांना स्वतःला काय पाहायचंय, हे कुणी विचारलंय का?

निखिल_पुणे:
गुडघे दुखतात, पण चालते. तिला बर्फ हातात घ्यायचाय, एवढंच म्हणते. बाकी तुम्ही न्याल तिथे येईन म्हणते.

झुरिककर:
मग इंटरलाकेनला तीन रात्री द्या. दोन दिल्यात तर हाती एकच पूर्ण दिवस येतो, आणि त्या दिवशी ढग असले तर युंगफ्राउयोखवर (इंटरलाकेनजवळची बर्फाची उंच खिंड) जाऊन पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. सकाळी उठून वरचा वेबकॅम बघायचा आणि मगच तिकीट काढायचं. ग्रिंडेलवाल्ड गावाहून नवी गोंडोला पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते, पुढे बोगद्यातून दातेरी रुळांची गाडी. वर ३,४५४ मीटर उंची आहे. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, वर गेल्यावर त्यांना सावकाश चालू द्या, अधूनमधून बसवा.

तिकिटांचं म्हणाल तर इथल्या हाफ फेअर कार्डावर युंगफ्राउयोख अर्ध्या किमतीत होतं. स्विस ट्रॅव्हल पासवर वरच्या टप्प्याला २५ टक्केच सूट आहे.

सह्यकडा:
+१. ॲम्स्टरडॅम काढा, इटलीतलं एकच शहर ठेवा. पॅरिस ३, इंटरलाकेन ३, व्हेनिस किंवा रोम २, शेवटी पॅरिस २. फ्रान्सच्या पाच रात्री, व्हिसाचा प्रश्न मिटला. लांबचे रेल्वे टप्पे दोनच उरतात: पॅरिस–बाझल–इंटरलाकेन आणि तिथून इटली. दोन टप्प्यांसाठी चौघांचा पास कशाला? सुटी तिकिटं आजच काढा, लवकर काढली की बरीच स्वस्त पडतात. परतीला इटली–पॅरिस विमान.

रेल्वेवेडा:
मूळ पाच शहरांना पासच योग्य होता, हे नोंदवून ठेवतो. दोन टप्प्यांना नाही, मान्य.

तात्या_डोंबिवली:
बरोबर तूप नेलं तर चालतं का? मेतकूट-भात-तूप असलं की आईंचं पोट सांभाळलं जातं.

अनघा_ठाणे:
तूप नको, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला मनाई आहे. मेतकूट न्या.

निखिल_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. ॲम्स्टरडॅम काढलं, बायकोला ट्यूलिपसाठी पुन्हा एप्रिलमध्ये नेईन. पण रोम सोडवत नाही, मुलाने कलोसियमचं चित्र काढून भिंतीला लावलंय. व्हेनिस गाळून रोम २ करतो. पॅरिस–बाझल–इंटरलाकेन आज रात्री काढतोय. रोम–पॅरिस एक फारच स्वस्त विमान दिसतंय, घेऊ का?

सह्यकडा:
थांबा. ते पॅरिसच्या कोणत्या विमानतळावर उतरतं? बोव्हे असेल तर ते शहरापासून ८० किलोमीटरच्या वर आहे. चौघांचं बसभाडं आणि बॅगांचे पैसे धरून मगच तुलना करा. आणि व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. रोमचे दोन दिवस कोणत्या वारी येतात?