दहावीनंतर एवढ्या वर्षांनी बारावी आणि मग बीए, घर सांभाळून जमेल का? (परभणी)

परभणीची_ताई:
नमस्कार. मी परभणीची, वय ३८. दहावी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, अकरावीत असतानाच लग्न झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता पोरगी बारावीला आहे. बचत गटाचा हिशोब मीच बघते, बँकेत जाणं-येणं, बायकांचे फॉर्म भरून देणं सगळं करते, पण कुठं जागा निघाली की पहिली अट बारावी नाहीतर पदवी. मिस्टर म्हणायलेत शिक, सासूबाईंचीही ना नाही. रोज कॉलेजात जाऊन बसणं मात्र होणार नाही, दुपारी दोन ते पाच तेवढा वेळ माझा. १७ नंबर (बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म) भरू का एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त शाळा) करू का सरळ मुक्त विद्यापीठात जाऊ, काहीच कळंना. एक जण म्हणतोय पैसे भरा, पेपरचं आम्ही बघतो. मला तसलं नको, मला खरंच शिकायचंय.

गोदाकाठ:
ताई, तो पैसेवाला आधी सोडा, आणि तुमचा ओरिजनल दाखला तर त्याच्या हातात अजिबात देऊ नका. आमच्या ओळखीत एकीचा दाखला असाच अडकवून ठेवला होता, वर्ष वाया गेलं लेकराचं.
तुमच्यासाठी १७ नंबर बरा. दहावी होऊन दोन वर्षं उलटलेली असली की अकरावी न करता खाजगी विद्यार्थी म्हणून थेट बारावीला बसता येतं. फॉर्म बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन, त्यात जवळचं कॉलेज संपर्क केंद्र म्हणून निवडायचं आणि कागदपत्रं तिथं नेऊन द्यायची. परभणी संभाजीनगर विभागीय मंडळात येतं (लातूर, नांदेड, धाराशिववाल्यांचं मंडळ लातूरला). परीक्षा फेब्रुवारी-मार्चला असते पण फॉर्म त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच निघतात, दिवाळीनंतर जागं झालात तर लेट फी नाहीतर पुढचं वर्ष. आर्ट्सला बहुतेक विषयांत ८० चा लेखी पेपर आणि २० मार्क तोंडी किंवा प्रकल्पाचे, ते २० संपर्क केंद्रातच मिळतात म्हणून तिथल्या सरांना अधूनमधून भेटत राहा.

अंबाजोगाईकरीण:
मी पस्तिशीत बारावी केली, १७ नंबरनंच, तेव्हा दोन गोष्टी सांगते ज्या कोणी सांगत नाही.
पहिली नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो ही बाई तीच कशावरून. फॉर्म दाखल्यावरच्या नावानंच भरायचा, स्पेलिंगसुद्धा दहावीच्या मार्कमेमोवर आहे तसंच, आणि विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट काढलेलं नसेल तर आत्ताच काढून घ्या, पुढं नोकरीच्या वेळी लागतंच.
दुसरी हाताची. वाचून सगळं कळतं हो, पण आपल्याला तीन तास सलग लिहायची सवय राहिलेली नसते. दुसऱ्या तासाला बोटं आखडतात, अक्षर मोठं मोठं व्हायला लागतं आणि येत असलेलं उत्तर सुटून जातं. म्हणून नुसतं वाचत बसू नका, जुनी प्रश्नपत्रिका घ्या आणि रोज घड्याळ लावून एक मोठं उत्तर लिहा, कंटाळा आला तरी लिहा. इंग्रजीला घाबरायचं कारण नाही, बऱ्याच मार्कांचे उतारे पेपरातच छापून येतात, ते शांतपणे वाचून उत्तरं शोधायची. पोरगी बारावीला आहे म्हणताय तर दोघी एकाच टेबलावर बसा, पुस्तकंही तीच.

वाळूज_शिफ्टवाला:
माझं मत थोडं वेगळं आहे. कंपनीत शिफ्ट बदलत असती आणि सगळे पेपर एका दमात द्यायचे म्हणलं की माणूस मोडतो, म्हणून मी एनआयओएस घेतलं. त्यात एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा, नोंदणी पाच वर्षं चालती, विषय एकेक करून काढता येतात, पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. ज्याला वेळेची खात्री नाही त्याला हेच बरं. फक्त बारावीला कोणत्या विषयाची पुस्तकं कोणत्या माध्यमात आहेत ते फॉर्म भरायच्या आधी बघा. ताईंना रोज तीन तास मिळायलेत तर १७ नंबर जमून जाईल.

अभ्यासकेंद्र_नांदेड:
बारावीनंतरचं सांगतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय, नाशिकला मुख्यालय आणि नांदेडला विभागीय केंद्र आहे. बीए, बीकॉमची पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदवीला रेग्युलर पदवीइतकीच किंमत आहे, स्पर्धा परीक्षेलाही चालते. पण अभ्यासकेंद्र नुसतं घराजवळ आहे म्हणून घेऊ नका! एखाद्या रविवारी तिथं जाऊन बसा, संपर्क सत्र खरंच भरतंय का, फळ्यापुढं कोणी उभं आहे का ते बघा, आत्ता शिकणाऱ्या बायकांना विचारा. ज्या केंद्रात वर्ग भरतो तिथली माणसं शेवटपर्यंत टिकतात, हे मी रोज बघतो. नुसती फी घेऊन पुस्तकं हातात देणाऱ्या केंद्रात निम्मे लोक पहिल्याच वर्षी गळतात आणि दोष स्वतःला देत बसतात, फार वाईट वाटतं.

परभणीची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. १७ नंबरच भरते, मराठी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र घ्यायचा विचार आहे, अर्थशास्त्राचं अजून ठरंना. सोमवारी शाळेत जाऊन दाखल्याचं बघते आणि विवाह नोंदणीचंही विचारून येते. जिंतूर रोडकडं राहणारी कोणी यंदा बारावीला बसणार असेल तर सांगा, दुपारी माझ्याकडं बसून अभ्यास करू.